ओरडल्यावरच साडी बदलून मिळाली

वाचकाचं पत्र:

ताई, मी फोंड्याजवळच्या एका गावात राहते. वय ५६. मे महिन्यात मुलीचं लग्न झालं, म्हणून यंदा तिच्या सासरी गणेश चवथीचं पहिलं वजें, म्हणजे माहेरची भेट, पाठवायचं होतं. मडगावच्या एका दुकानात साडी घ्यायला गेले. बाजार करून तशीच गेले होते, अंगावर घरची साडी, हातात मासळीची पिशवी. काउंटरवरची मुलगी फोनमध्ये होती. वरच्या फळीवरची साडी दाखव म्हटलं तर मान वर न करता म्हणाली, "आंटी, वो रेंज ऊपर है." मी गिळलं आणि तीच साडी घेतली, २,८५० रुपयांना.

आठ दिवसांनी फॉल लावणाऱ्या बाईने साडी उलगडली. निऱ्यांच्या जागी दोन बोटं विणच सुटलेली. बिल घेऊन परत गेले तेव्हा पावणेएक झाला होता. तीच मुलगी. साडी हातातही न घेता तिने मागची पाटी दाखवली, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' म्हणाली, "मैं क्या करूँ?" मग माझा तोल गेला. काम जमत नसेल तर गावी जा, गोव्यात येऊन पोट भरता आणि आमची भाषा शिकायला नको, असं सगळं बोलले. माणसं जमली. आतून मालक आला. काय झालं हे न विचारता त्याने तिला माझ्यापुढे हात जोडायला लावले, "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाला, आणि मला हसत हसत दुसरी साडी दिली. वर थंड पेय. मी ते प्यायलेही. ती वीस-एकवीस वर्षांची असेल. रडत रडत घड्या घालत होती.

लेकीने ती साडी नेसून फोटो पाठवला, मला बघवत नाही. नवरा म्हणतो विसरून जा. मुलगी म्हणते, त्या पोरीचं नाव घालून गुगलवर लिही, अशांना धडा मिळायला हवा. दुकान साडेतीनला पुन्हा उघडतं, दोनदा बसमध्ये बसून जायचं ठरवलं आणि गेले नाही. मी चुकले का? तीही चुकलीच होती ना?

---

ताई,

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. हो, त्या दिवशी तुम्ही चुकलात. आणि तुमच्यावर अन्याय झाला होता हेही खरं, तोही एकदा नव्हे, दोनदा. पण या दोन अन्यायांपैकी त्या मुलीने केलेला एकच. दुसरा भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला होता, आणि ती पाटी तिने लावलेली नव्हती. तुम्ही दोन्हींचा राग तिच्यावर काढलात. ज्याच्या हातात पाटी काढायचा अधिकार होता तो माणूस तुम्हाला थंड पेय देऊन सुटला. तुमची झोप उडाली ती यामुळे, असं मला वाटतं. केवळ ओरडल्याचा पस्तावा चार दिवसांत निवतो. भलत्याच माणसाला शिक्षा झाली हे कळल्यावर मात्र तो निवत नाही.

पहिल्या अन्यायाला मी हलकं समजत नाही. "वो रेंज ऊपर है." चार शब्दांत तिने तुमची साडी पाहिली, पिशवी पाहिली, तुमच्याजवळ किती पैसे असतील याचा हिशोब केला आणि तो तुम्हाला ऐकवलाही. बांगडा ताजा की शिळा हे त्याचे कल्ले उघडून बघायचं असतं, माणसाचं तसं बघायचं नसतं. मासळी घेऊन कापडाच्या दुकानात शिरलेली बाई ही गोव्यातली रोजची गोष्ट आहे. आपला बाजारच तसा. एका फेरीत मासळी, फुलं, भाजी, मुलाची वही, आणि बस यायला वेळ असेल तर साडी. त्या बाईकडे पैसे आहेत की नाहीत हे तिच्या पिशवीवरून ठरवणारा दुकानदार आपल्या गावाला ओळखतच नाही.

हे वाढलंय, आणि त्याने मला मनापासून वाईट वाटतं. बाहेरून फिरायला आलेलं जोडपं शिरलं की पंखा तिकडे वळतो, पाणी येतं, गठ्ठ्यावर गठ्ठा उघडला जातो. गावची बाई शिरली की "काय पाहिजे?" तो पर्यटक एकदा येऊन जाईल. गावची बाई चवथीला येते, दिवाळीला येते, तुळशीच्या लग्नाला येते, लेकीच्या ओटीभरणाला येते, आणि येताना जावेला घेऊन येते. तुमचं त्या दिवशी दुखलं ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, आपल्याच बाजारात परकं ठरवलं गेलं म्हणून. त्याच वेळी, आवाज न चढवता, "बाय, किंमत मी बघते, तू साडी दाखव" एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. तुम्ही गिळलंत. आणि गिळलेलं आठ दिवसांनी, दुसऱ्याच कारणावर, दुप्पट होऊन बाहेर आलं.

आता काउंटरच्या पलीकडचं सांगते, कारण तिथे माझ्या घरचं माणूस उभं राहिलेलं आहे. माझी धाकटी बहीण साडेतीन वर्षं एका कापडाच्या दुकानात कामाला होती. सकाळी साडेनऊपासून रात्री साडेआठपर्यंत. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद, पण आमच्या गावची बस त्या वेळेत जाऊन परत यायची नाही. म्हणून ती आणि आणखी दोघी मागच्या खोलीत गठ्ठ्यांवर बसून डबा खायच्या. एकला दहा कमी असताना कुणी शिरलं की तो डबाही लांबायचा. चाळीस साड्या उघडून "जरा बघून येते" म्हणत गेलेल्या बायकांचा तिला राग नसायचा. पण प्रत्येक साडी मूळच्या घडीवर परत घालायची असते, घडी मोडली तर मालकाची बोलणी असतात. दुकानात स्टूल एकच, गल्ल्याजवळ, आणि तो मालकाचा. रात्री घरी आल्यावर ती कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायची. घोटे सुजून गोल झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती.

आणि खराब निघालेली साडी परत आली की? "देताना नीट बघितली का नाहीस?" दोनदा तिच्या पगारातून पैसे कापले. त्यानंतर परत आलेली पिशवी दिसली की ती सुद्धा आधी पाटीकडे बोट करायची. साडी हातात घ्यायला घाबरायची, कारण हातात घेतली की जबाबदारी तिची. म्हणून तुमच्या पत्रातलं "मैं क्या करूँ" वाचून मी थबकले. ऐकताना ते उर्मट लागतं, पण ते शब्दशः खरं होतं. ती काहीच करू शकत नव्हती.

दुकानात उभं राहायला लावण्याचा हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. केरळात कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नसत. कोळिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने अशा कामगार बायकांना एकत्र आणलं, वर्षानुवर्षं लढा चालला, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली. एक स्टूल मिळावा म्हणून कायदा करावा लागला. पुढच्या वेळी दुकानात गेलात की काउंटरच्या पलीकडे बसायला काही आहे का ते बघा, बहुतेक नसतं.

म्हणून त्या मुलीने फोनमधून मान वर केली नाही हे मी माफ करतेय का? नाही. पाय दुखत असतानाही डोळे वर करता येतात. नियम हातात नसला तरी साडी हातात घेऊन "खरंच विण सुटलीय, मालक चार वाजता येतील, मी ही त्यांना दाखवते, तुमचा नंबर लिहून द्या" हे म्हणता येतं. माझी बहीण तिसऱ्या वर्षी हे म्हणायला शिकली, आणि तिच्यावर ओरडणाऱ्यांची संख्या खरंच कमी झाली. पण तिला ते दुकानाने शिकवलं नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानातल्या एका वयस्कर कामगाराने शिकवलं.

आता पाटीचं बोलू, कारण इथे तुमची बाजू लोखंडासारखी पक्की होती आणि तुम्हाला ती ठाऊक नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. तुम्ही आठव्या दिवशी गेलात, हातात बिल होतं, फॉल लागला नव्हता, दोष विणीतला होता. भिंतीवर काहीही लिहिलं असलं तरी कायद्यापुढे ती पाटी चालत नाही. बिल न देणं हेसुद्धा याच कायद्यात अनुचित ठरवलं आहे, म्हणून "बिल लावलं तर टॅक्स पडेल" असं कुणी म्हणालं तरी बिल घ्यायचंच. हा नियम खराब मालासाठी आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, नणंदेने नाक मुरडलं, म्हणून साडी परत घ्यायला दुकान बांधलेलं नाही. ती त्याची मर्जी, आणि त्यासाठी काउंटरवर भांडणाऱ्या बायकांच्या बाजूने मी उभी राहणार नाही.

मालकाने तरीही ऐकलं नसतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. २,८५० रुपयांच्या साडीसाठी तुम्ही तिथवर जाल असं मला वाटत नाही. पण "मी १९१५ वर विचारून आलेय" हे एक वाक्य शांतपणे मालकाला सांगितलं असतं, तर साडी तेवढ्याच वेळात बदलून मिळाली असती आणि कुणी रडलं नसतं.

आणि इथेच मला त्या मालकाचा सगळ्यात जास्त राग येतो. त्याने काय केलं बघा. आधी पाटी लावली, म्हणजे गिऱ्हाइकाने मागूच नये. पाटीपुढे एका वीस वर्षांच्या मुलीला उभं केलं, म्हणजे बोलणी तिने खायची. तिला साडी बदलून द्यायचा अधिकार दिला नाही. मग एक बाई ओरडली, माणसं जमली, तेव्हा बाहेर येऊन एका मिनिटात साडी बदलून दिली. म्हणजे त्याला ती आधीही देता येत होती! सरळ मागितल्यावर नाही म्हणायचं आणि ओरडल्यावर हो म्हणायचं, हा नियम त्याचा. त्या दिवशी दुकानात उभ्या असलेल्या आठ-दहा बायकांनी काय पाहिलं? ओरडलं की काम होतं. त्यातली प्रत्येक जण पुढच्या वेळी ओरडेल, आणि पुन्हा त्याच काउंटरवर ओरडेल. आपल्या बाजारातली बोलण्याची रीत बिघडलीय म्हणून लोक हळहळतात. मला वाटतं ती गिऱ्हाइकांनी किंवा कामगारांनी आपणहून बिघडवलेली नाही, अशा दुकानांनी दोघांनाही शिकवून बिघडवलीय.

वर त्याने तिला हात जोडायला लावले. ती माफी तुमच्यासाठी नव्हती, ताई. जमलेल्या लोकांसाठी होती. तुम्हाला काय हवं होतं? चांगली साडी, आणि कुणीतरी "चूक झाली, दाखवा बघू" म्हणणं. ते "चूक झाली" मालकाच्या तोंडून यायला हवं होतं. माल त्याचा, पाटी त्याची.

तुमचं भाषेचं वाक्य मात्र मला बाजूला काढून बघावं लागेल. आपल्या बाजारात आपल्याशी आपल्या भाषेत बोललं जावं ही इच्छा न्याय्य आहे, ती मी कधीच सोडणार नाही. कोकणी की मराठी या वादातून आलेला गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा होण्याआधीचे आणि नंतरचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्या प्रत्येक घराला भाषेवरून बोलणी खाणं म्हणजे काय ते माहीत आहे. कोकणी असो, मराठी असो, दोन्हीकडच्या माणसांनी ते सोसलंय. म्हणूनच भाषेचं शस्त्र करून एका एकट्या मुलीवर उगारणं आपल्याला शोभत नाही. ती ज्या गावाहून आली तिथे तिला काम नव्हतं, आणि इथल्या मुली बारा-बारा तास उभ्या राहायला तयार नाहीत म्हणून मालकाने तिला ठेवलं. तिला "काय दाखवू?", "बसा", "किती वार?", "बदलून देते" अशी दहा-पंधरा वाक्यं कोकणीत आणि मराठीत शिकवायला मालकाला एक आठवडा लागला असता. मासळी बाजारात येणाऱ्या परप्रांतीय गिऱ्हाइकांशी आपल्या बायका हिंदी बोलायला शिकल्याच की, पोटासाठी, कुणी न शिकवता. तीही शिकेल, कुणी हसून दुरुस्त केलं तर.

माफी कशी मागायची हे मी एकदाच शिकले, ते सांगते. डिचोलीला माझ्या वडिलांचा पसरा, म्हणजे किराणा दुकान, होता. मी दहावीत असेन, संध्याकाळी गल्ल्याजवळ बसायचे. एक बाई नेहमी उधारीवर न्यायची. एका पावसाळी संध्याकाळी ती पाव किलो तूरडाळ मागत होती आणि दुकानात चार बायका उभ्या होत्या. मी वही उघडून मोठ्याने म्हटलं, "आधी मागचे एकशे बारा द्या." ती काही न बोलता गेली. बाबा तेव्हा आत गोणी लावत होते. त्यांनी ऐकलं होतं, पण सगळ्यांसमोर मला काही म्हणाले नाहीत. दुकान बंद करताना त्यांनी पाव किलो डाळ बांधली आणि म्हणाले, "हे घेऊन तिच्या घरी जा. फुकट द्यायची नाही, तिचा मान जाईल. लागते का विचार, घेतली तर तिच्या नावावर लिही. जे बोललीस ते चुकलं म्हण. का बोललीस ते सांगत बसू नकोस."

मी गेले. चिखलातून, कंदील घेऊन. ती दारात आली, ऐकून घेतलं, डाळ घेतली, "लिहून ठेव" म्हणाली. "असू दे गो" म्हणाली नाही. हसली नाही. पुढचे पंधरा दिवस दुकानात आली नाही, मग आली, आणि नेहमीसारखं साखरेचं विचारलं. बाबांनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांनी मला चार बायकांपुढे झापलं असतं तर मी त्या बाईचा आयुष्यभर राग केला असता, हे मला खूप उशिरा कळलं.

तर तुम्ही जायला हवं. दोनदा ठरवून राहिलं, तिसऱ्यांदा जा. एकट्या जा. लेकीला नेऊ नका, तिचा राग अजून ताजा आहे आणि तो तिच्या आईसाठीचा आहे.

आधी मालकाला भेटा. त्याला सांगा: त्या दिवशी माझी तक्रार तुमच्या पाटीबद्दल होती, मुलीबद्दल नव्हती, मी तिच्यावर ओरडले ते चुकलं. कायद्यात ३० दिवस आहेत, पाटी काढा, किंवा निदान 'खराब माल बदलून मिळेल' असं तिच्याखाली लिहा. आणि तिला माझ्यामुळे काढलं असेल तर परत बोलवा, गिऱ्हाईक म्हणून मीच सांगतेय. हे शेवटचं वाक्य तुमच्याशिवाय दुसरं कुणी म्हणू शकत नाही. मालकाला त्याचं वजन कळतं, कारण तिला काढलं ते तुम्हाला दाखवायलाच. अशी "उद्यापासून येऊ नकोस" पुष्कळदा फक्त गर्दीपुढची असते आणि दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा घड्या घालत उभी असते. पण तसं असेलच असं धरून चालू नका.

ती तिथे असेल तर तिच्याशी हिंदीत बोला, तुम्हाला येईल तशा हिंदीत. "मैंने जो बोला, ग़लत बोला" एवढं पुरे. "पण तू पण फोनमध्ये होतीस" हे जोडू नका. ते खरं असलं तरी त्या दिवशी नको. पैसे देऊ नका, पाचशेची नोट पुढे केलीत तर तिला दुसऱ्यांदा तेच कळेल की तुम्ही तिची किंमत करताय. तिच्या खांद्यावर हात ठेवून "मुलीसारखी आहेस" असंही नको, तिला तुमची मुलगी व्हायचं नाहीये, तिला काम करायचंय. ती काही न बोलता मान हलवेल किंवा तेवढंही करणार नाही. कदाचित "ठीक है आंटी" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल. ते चालवून घ्या. तिने तुम्हाला मोकळं करावं म्हणून तुम्ही जात नाही आहात.

ती तिथे नसेल तर तिथल्या दुसऱ्या मुलींना विचारा, त्यांना माहीत असतं. कामावरून गेली असेल आणि भेटली, तर माफीच्या जोडीला एक करता येईल. फोंड्यात तुमची इतक्या वर्षांची ओळख असलेली दुकानं असतील. "हिला ठेवाल का" एवढं विचारणं तुमच्या हातात आहे.

लेकीला सांगा, गुगलवर त्या मुलीचं नाव घालायचं नाही. मालक पाटी बदलून दुकान चालवतच राहील, पण तिचं नाव शोधलं की पुढच्या प्रत्येक मालकाला ती ओळ दिसेल, दहा वर्षांनीही. लिहायचंच असेल तर घडलं तेच लिहा: खराब साडी, आठवा दिवस, बिल होतं, पाटी दाखवून नाही म्हणाले, नंतर बदलून दिली. दुकानाचं वागणं लिहा, माणसाचं नाव नको.

आणि तुमच्यासारख्या शंभर बायका हे वाचत असतील, काही दुकानदारही वाचत असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. काउंटरवरच्या मुलीला एवढा तरी अधिकार द्या की फाटलेली, विण सुटलेली, रंग गेलेली वस्तू बिलासह आली तर तिने तुम्हाला न विचारता बदलून द्यावी. ते पैसे तिच्या पगारातून कापू नका, माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडून वळते करून घ्या, तशी पद्धत असतेच. तिला एक स्टूल द्या. एकला दहा मिनिटं असताना गिऱ्हाईक आलं तर तुम्ही स्वतः उठून दाखवा, तिला डबा खाऊ द्या. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तिला ढकलू नका, तुम्ही पुढे या. आणि तिची खरंच चूक असेल तर शटर खाली आल्यावर सांगा.

गिऱ्हाइकांना सांगायचं त्यातलं बरंचसं तुम्हाला सांगून झालं, ताई. एकच राहिलं. आत शिरताना बोटाने चुटकी वाजवून किंवा "ए" करून हाक मारू नये. नाव माहीत नसेल तर बाय म्हणा, बाबा म्हणा, आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. फोनवर बोलत बोलत साड्या उघडायला लावणाऱ्या बायकाही मी बघते. तिने फोनमधून मान वर करावी असं वाटत असेल तर आपलाही फोन पर्समध्ये असायला हवा.

दुकान दुपारी साडेतीनला उघडतं असं तुम्ही लिहिलंय. पहिली पंधरा-वीस मिनिटं दिवे लावण्यात, झाडण्यात जातात, आणि पाचनंतर गर्दी होते. मंगळवारी चारला तिथे असा. साडीचं बिल घेऊन जायची गरज नाही.